अक्काचा मंगळवार

फोन आला तेव्हा मी नवी पेठेतल्या एका कापडाच्या दुकानात गादीवर बसून पांढरी पातळं बघत होतो. शनिवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. दुकानदारानं समोर पाच-सहा पातळं उलगडून टाकली होती आणि आमची काठावरून हुज्जत चालली होती. मला निळा काठ हवा होता, बारीक. तो जांभळा दाखवून ‘गुरुजी, हा निळाच की’ म्हणत होता. सारा जन्म शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला निळा आणि जांभळा कळत नाही होय? तेवढ्यात खिशातला फोन वाजला. भाचा होता, संजय. ‘मामा, आई गेली,’ एवढंच म्हणाला. मी विचारलं, ‘कुठं गेली?’... साठी उलटलेल्या माणसानं विचारायचा प्रश्न आहे का हा? पण विचारला खरा. कारण दुसऱ्या दिवशी, रविवारी, पौर्णिमा होती आणि त्या पौर्णिमेला माझी अक्का सहा वर्षांनी विहारात सगळ्यांच्या पुढं उभी राहून वंदना सांगणार होती. पातळ तिच्यासाठीच घ्यायला आलो होतो. दुकानदारानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता मागच्या कपाटातून खरोखरच निळ्या काठाचं पातळ काढून दिलं. ‘मग आधी का नाही काढलंस?’ म्हणून मी त्याच्यावर ओरडलो. बिचारा घडी घालायला लागला. त्याच पातळात आम्ही अक्काला नेलं.

याला आता सात आठवडे होतील. या सात आठवड्यांत जो कुणी भेटायला आला त्यानं चहाचा कप खाली ठेवता ठेवता एकच गोष्ट विचारली. ‘गुरुजी, राग मानू नका, पण अक्का देवीला मानायच्या म्हणे. मग त्या बौद्ध कशा?’ दुसऱ्यांच्या घरी माणूस गेलं की लोक आठवणी सांगतात, आमच्याकडं प्रमाणपत्र मागतात. माझ्या डोक्यात अशी तिडीक जाते की समोरच्याला उठवून दाराबाहेर काढावं. पण काढणार कुठल्या तोंडानं? हा प्रश्न लोकांच्या तोंडात घालणारा मीच. विहार समितीचा सचिव म्हणून भर सभेत तो मीच उभा केला होता, माझ्या सख्ख्या बहिणीपुढं.

अक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. आमच्या वडिलांनी, दादांनी, दीक्षा घेतली तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती आणि मी मायच्या पोटात होतो. दादा गिरणीत कामाला. दीक्षा घेऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरातले सगळे देव फडक्यात बांधले. देव म्हणजे काय, तर टाक. पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली दोन-अडीच बोटांची देवाची आकृती, पिढ्यानपिढ्या घराच्या कोनाड्यात उभी असते ती. आमच्याकडं चांदीचे नव्हते, गिरणीकामगाराकडं कुठली चांदी, सगळे पितळेचे. खंडोबा, म्हसोबा, आणखी कुणी कुणी. दादांनी ते गाठोडं नदीत सोडलं, अंघोळ केली, मोकळे होऊन घरी आले. पण गाठोडं बांधायच्या आधीच मायनं त्यातली एक भवानी उचलून कमरेला खोचली होती, ते त्यांना मरेपर्यंत कळलं नाही. माय गेली तेव्हा ती भवानी अक्काकडं आली. ‘हिला टाकू नगंस,’ एवढंच माय म्हणाली म्हणे. मी तेव्हा परीक्षेच्या हॉलमध्ये होतो, नाहीतर तिथंच आडवा पडलो असतो.

माझ्या परीक्षा म्हणजे अक्काचं विडीकाम. हे लिहायला मला लाज वाटत नाही. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली पानं, तंबाखूचा चुरा आणि हातातली ती छोटी कात्री... या एका दृश्यातून आमचं अख्खं घर पुढं आलं. नवरा लवकर गेला, पदरात संजय, वर मी एक भाऊ शिकायला. ती स्वतः चौथीच्या पुढं गेली नाही. पण पालीतल्या गाथा? सगळ्या तोंडपाठ. विहारात येणाऱ्या भन्तेजींच्या तोंडून ऐकून ऐकून तिनं त्या उचलल्या आणि अशा स्वच्छ म्हणायची की अर्थ कळत नसला तरी माणूस ताठ बसायचं. वस्तीतली दोन पिढ्यांची पोरं तिच्या दारात बसून गाथा शिकली. ती विड्या वळायची आणि पोरं म्हणायची. कुणी चुकलं की कात्रीची मूठ सुपाच्या काठावर टक् करून वाजायची. पोरगं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. मी स्वतः त्या टक्‌टक्‌मधूनच शिकलो. आणि पंचशील म्हणाल तर ती पाळायची, नुसतं म्हणायची नाही. सबंध आयुष्यात तिच्या तोंडून खोटं ऐकल्याचं मला आठवत नाही. मी मात्र पगार झाल्यावर मित्रांबरोबर काय प्यायलो, हे बायकोपासून लपवायचो.

भवानीची गोष्टसुद्धा तिनं लपवली नाही, हीच तर माझी डोकेदुखी. एका मंगळवारी सुट्टीच्या दिवशी तिच्या घरी गेलो. बघतो तर ही स्वयंपाकघरात पाटावर बसलेली, पुढ्यात वाटीत भिजवलेली चिंच, हातात तो टाक. घासतेय आणि बोलतेय. अगदी शेजारणीशी बोलावं तसं. संजयला नोकरी लागेना, सून पोटुशी आहे, गुडघा रात्रंदिवस ठणकतोय, बाळ्याचं रक्तदाब का काय ते वाढलंय आणि ऐकत कुणाचं नाही. बाळ्या म्हणजे मी. मी उंबऱ्यात उभा, मनात म्हटलं आता थांबेल, मग थांबेल. कसली थांबते! तेवढासा टाक, पण बाईला तासभर लागला. शेवटी तिनं तो पुसला, कोनाड्यात ठेवला, दिवा लावला आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, ‘कवाचा हुबा हायस? बस की.’

मी बसलो कसला. मी पेटलो. कोनाड्याच्या बरोबर वर भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी कोटातल्या बाबांची तसबीर, आणि खाली ही भवानी! ‘अक्का, दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा तूच पोरांना शिकवतेस ना? त्यात देवांबद्दल काय म्हटलंय?’ तर म्हणते, ‘मला पाठ हायत्या. तुला म्हणून दावू का?’ मग मी शाळेतल्यासारखं समजावायला बसलो. म्हटलं, देव ही आपल्यासाठी नुसती भाविकपणाची गोष्ट नाही. गावच्या देवळाच्या पायरीला आपल्या आजोबांचा पाय लागला म्हणून त्यांना चावडीपुढं उभं केलं होतं. ज्या देवाच्या नावानं आपल्याला माणसातून काढलं, त्याला सोडलं तेव्हा कुठं आपण माणसं झालो. तो देव तू पुन्हा घरात घेऊन बसलीस? अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘ते देऊळ त्येंचं हुतं. हिला कुटं देऊळ हाय? हिला ना पुजारी, ना पायरी. मायच्या कमरंला ऱ्हायलीय ही.’

मी म्हटलं, पण मागायचंच असलं तर... तिनं मला तिथंच तोडलं. ‘मी काय मागितलं रं? तू दारात हुबा हुतास न्हवं? एक तरी गोष्ट मागितली का मी?’ आणि खरंच, तिनं मागितलं काहीच नव्हतं. सांगितलं होतं फक्त. ‘तूच शिकीवलंस की, बुद्धाला मागायचं न्हाय, त्यो द्यायला बसल्याला न्हाय. त्यो ऐकायला बी बसल्याला न्हाय. त्यानं वाट दावली, आपुन चालायचं. बरं, चालते. लई चांगली वाट हाय. पर चालता चालता बोलायचं कुणासंगं?’ मी म्हटलं, ‘माझ्याशी बोल.’ तर ती एवढी हसली की तिला दम लागला. ‘तुज्यासंगं? तू मधीच बोलतोस की रं मास्तर!’

तरी बोललोच. पुढं कितीतरी वर्षं बोलत राहिलो. जाईन तेव्हा तोच विषय, पालथ्या घड्यावर पाणी. ती कधी वाद जिंकायला बसली नाही आणि हरलीही नाही, याचा मला अधिक संताप यायचा. समोरच्यानं दोन मुद्दे मांडावेत, मी खोडावेत, अशी माझी सवय. ही बाई मुद्दाच मांडत नव्हती. भजी तळून पुढं ठेवायची.

सहा वर्षांमागं मी समितीचा सचिव झालो. पहिल्याच महिन्यात दोघं-तिघं घरी आले. म्हणाले, ‘साहेब, वस्तीत नवरात्रात घट बसायला लागलेत. कुणाला हटकलं की म्हणतात, तुमची वंदना सांगणारी बाईच दिवा लावते की.’ खोटं काय होतं त्यात? मला त्या रात्री झोप लागली नाही. पण खरं सांगायचं तर दुःखानं नाही, जोशानं. म्हटलं, सुधारणा घरापासून करायची असते, आता दाखवतो. वार्षिक सभेत मी स्वतः उभा राहिलो आणि ठराव मांडला. ज्याच्या घरी देव आहे त्यानं विहारात पुढं उभं राहून वंदना सांगायची नाही, मग तो कुणीही असो. ‘कुणीही असो’ हे शब्द मी जरा जोर देऊनच वाचले. टाळ्या पडल्या. अक्का पहिल्याच रांगेत होती. तिला विचारलं, काही बोलायचंय का? ‘न्हाय’ म्हणाली. उठली, पुढच्या टेबलावर तिचं गाथांचं छोटं पुस्तक होतं, जे तिनं कधीच उघडलं नाही, ते उचलून माझ्या हातात दिलं आणि चालत मागं गेली. मागं दाराशी, चपला काढतात तिथं, एक प्लास्टिकची पांढरी खुर्ची होती. गुडघ्यामुळं तिला खाली बसवत नव्हतं. त्या खुर्चीत ती बसली आणि पुढची सहा वर्षं प्रत्येक पौर्णिमेला तिथंच बसली. एकदाही चुकली नाही. रुसून यायची बंद झाली असती तर मला सोपं गेलं असतं हो!

मग वंदना मी सांगायला लागलो. मला घाईची सवय आहे. ‘बुद्धं सरणं गच्छामि’पासूनचं त्रिशरण तीनदा म्हणायचं असतं. एकदा म्हणून झालं की ‘दुतियम्पि’ म्हणून दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. मी पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारायचो. मुद्दाम नाही, लक्षात यायचंच नाही. पुढं शंभर माणसं हात जोडून बसलेली, त्यांना कळायचं पण बोलणार कोण? आणि मग मागून, चपलांपासून, अक्काचा आवाज यायचा... ‘दुतियम्पि’. शांतपणे. सगळी सभा तिच्या मागं जायची आणि मी पुढं उभा राहून तोंड मिटून थांबायचो. एकदा वंदना झाल्यावर मी तिला गाठलं. ‘ठराव माहितीय ना तुला? मागून कशाला सांगतेस?’ ती चप्पल शोधत होती. म्हणाली, ‘तू दुसरं सरण खाल्लंस, म्हून आमी उपाशी ऱ्हायाचं व्हय?’ आजूबाजूच्या बाया फिस्सकन हसल्या. मी दोन महिने तिच्याशी बोललो नाही. मी! ती मात्र भाकरीसोबत ठेचा पाठवतच होती.

नाही म्हणायला एकदा मी माझी शंका एका जाणत्या माणसापुढं मांडली होती. वर्षावासात, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत, एक वृद्ध भन्तेजी विहारात मुक्कामाला होते. त्यांना म्हटलं, जुन्या पालीत सुद्धा देव येतात, बुद्धाला वंदन करून जातात, ते मी वाचलंय. तेव्हा आडपडदा न ठेवता सांगा, देव मानणारा माणूस बौद्ध असू शकतो की नाही? ते म्हणाले, ‘त्या ताई पंचशील पाळतात का?’ म्हटलं, माझ्यापेक्षा चांगलं. ‘त्यांच्या देवीपायी त्या कुणाला दुखावतात का?’ म्हटलं, मला दुखावतात! ते हसले आणि म्हणाले, ‘मग तुमच्या दुखण्याचा विचार तुम्ही करा.’ झालं. प्रश्नाला प्रश्न! माझ्या वर्गात कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता. मला हो किंवा नाही हवं होतं. आजही हवंय. कुणी देत नाही.

मग आला तो सोमवार. अक्काचा दम गेल्या वर्षभर वाढलाच होता. सगळी हयात तंबाखूचा चुरा नाकातोंडात गेलेला, दुसरं काय होणार? तिनं निरोप पाठवला म्हणून गेलो. खाटेवर उशीला टेकून बसली होती. म्हणाली, ‘येत्या पुनवंला मला पुढून सांगायची हाय वंदना. एकडाव.’ मी तिची अवस्था बघत होतो. चार वाक्यं बोलायला तिला दोनदा थांबावं लागत होतं. कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, अक्का, ये, सांग, ठराव गेला खड्ड्यात. मी काय म्हणालो ते ऐका. मी म्हणालो, ‘ठराव ठराव असतो. आज मी बहिणीसाठी मोडला तर उद्या दुसरा बायकोसाठी मोडेल. टाक दे, त्याच दिवशी पुढं उभी राहा. मी स्वतः खुर्ची पुढं मांडतो.’

तिनं अंगावरचं पांघरूण बाजूला सारलं. मग उठली. मी हात द्यायला गेलो तर झिडकारला. भिंतीला धरत धरत कोनाड्यापर्यंत गेली, टाक उचलला, पदरानं पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. ‘घे बाबा. तुजं पन समाधान हूं दे.’ गरम होता तो. दिव्यापाशी असायचा म्हणून असेल... मी रुमालात बांधून खिशात टाकला. म्हणाली, ‘पातळ आन मला एक. पांढरं. काठ निळा बघ, बारीक.’ मी जिना उतरलो तेव्हा, आता इतक्या आठवड्यांनी लिहायला हरकत नाही, मला जिंकल्यासारखं वाटत होतं. घरी येऊन बायकोला, प्रमिलाला, सांगितलंसुद्धा, ‘शेवटी पटलं तिला.’ प्रमिला ज्वारी निवडत होती. वर न बघता म्हणाली, ‘पटलं न्हाय, दमल्या त्या.’

सोमवारी टाक घेतला, शनिवारी अक्का गेली. रविवारी पौर्णिमा होऊन गेली.

जलदान विधीच्या दिवशी तिच्या घरी सगळी वस्ती आली होती. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावानं तांब्यातलं पाणी भांड्यात ओतत गाथा म्हणतात, भांडं भरून वाहायला लागेपर्यंत. पाणी संजय ओतत होता, गाथा मी सांगत होतो. कशा काय सांगितल्या, मला ठाऊक नाही. त्रिशरणाला आलो आणि नेहमीसारखी उडी मारली. तिसऱ्यावर गेल्यावर माझं मलाच कळलं. थांबलो... मागून कुणी बोलेना. सगळ्यांना ठाऊक होतं मी कशासाठी थांबलोय. पाणी मात्र पडत होतं, संजयला कुठं थांबायचं ते कळलं नाही. शेवटी मीच ‘दुतियम्पि’ म्हटलं, पण मागं कुणी म्हटलं नाही.

माणसं पांगल्यावर संजयची बायको सुजाता चहा घेऊन आली. मी तिला विचारलं, शेवटचे दिवस कसे गेले? मला ऐकायचं होतं की बाई उत्साहात होती, गाथा म्हणून बघत होती, पातळाची वाट बघत होती. सुजाता म्हणाली, ‘मामा, तुम्ही सोमवारी गेलात ना, तवापासनं आत्या बोलल्याच न्हाईत.’

‘म्हणजे? रागावली होती?’

‘न्हाय ओ. राग न्हवता. जेवता का म्हटलं की व्हय, दुखतंय का म्हटलं की न्हाय. बास. मंगळवारी सकाळी सवयीनं चिंच भिजत घातली त्यांनी. मग आठवलं असंल. वाटी मांडीवर घेऊन कोनाड्याकडं बघत बसल्या तासभर. मी इचारलं, आत्या, काय झालं? तर म्हणल्या, काय न्हाय गं, बोट घाण झालं. आन वाटी मोरीत ओतली.’

मी चहा तसाच ठेवला. एवढी बोलकी बाई. विडी वळताना बोलणारी, भाकरी थापताना बोलणारी. पाच दिवस! मी टाक मागितला, तिनं दिला, आणि त्याच्यासोबत तिचं बोलणं मी रुमालात बांधून घेऊन आलो. धम्मात सांगितलंय की दुःख आहे, दुःखाला कारण आहे. हे कारण कुठल्या देवानं निर्माण केलेलं नव्हतं, मी केलं होतं. माझा राग तिच्यावरही आहे. एवढा हट्ट केलास जन्मभर, मग त्या सोमवारीच का सोडलास? म्हणायचं होतंस की ‘जा, नाही देत’! शिव्या द्यायच्या होत्यास. पण नाही. तोंडात मिठाची गुळणी धरली आणि गेली.

पुढच्या आठवड्यात मी टाक घेऊन पुन्हा गेलो. म्हटलं, सुजाता, हे घरातलं आहे, घरात ठेव. तर ती दोन पावलं मागं सरली. ‘मामा, आमच्यात हे चालत न्हाय. पोरं काय म्हणतील? तुम्हीच तर शिकवलंत.’ संजयनंही मान हलवली. कशी लेकरं तयार केली मी, बघा! मग वाटलं, दादांनी केलं तेच करावं. रिक्षा करून तळ्याकाठी गेलो. काठावर पालिकेचा मोठा फलक, ‘येथे मूर्ती, निर्माल्य टाकू नये.’ शेजारी पहारेकरी खुर्ची टाकून बसलेला. सारा जन्म पोरांना नियम पाळायला शिकवलेला माणूस मी. थोडा वेळ उभा राहिलो, तो म्हणाला, ‘काय टाकायचंय काय आजोबा?’ म्हटलं, काही नाही, वारा खातोय. आणि परत आलो. खोटं कशाला बोलू, फलक नसता तरी हात उठला असता की नाही, सांगता येत नाही.

तर आता परिस्थिती अशी आहे. वस्तीत माझ्या घरात देव नाही असं छातीठोक सांगणारा माणूस मी, आणि टाक आहे माझ्या टेबलाच्या खणात. ठरावाप्रमाणे मला पुढं उभं राहता येत नाही, म्हणून गेल्या पौर्णिमेला मी समितीला सांगून सचिवपद सोडलं. कारण लिहिलं, प्रकृती. मागं दाराशी ती पांढरी खुर्ची होती. तिच्यावर कुणी बसत नाही. मीही बसलो नाही, शेजारी खाली बसलो. पुढं नवीन सचिव, चांगला शिकलेला मुलगा, वंदना अचूक सांगतो. एकही सरण सोडत नाही. सगळी वंदना मी त्याच्या चुकीची वाट बघत होतो.

मी देव मानत नाही, हे इथं लिहून ठेवतो, म्हणजे कुणाला शंका नको. आजही मानत नाही. प्रतिज्ञा बावीसच्या बावीस मला मान्य आहेत. अक्का बौद्ध होती का, असं यापुढं कुणी विचारलं तर मी म्हणणार आहे, माझ्यापेक्षा जास्त. मग दोन्ही कसं जुळतं, असं विचाराल तर मला माहीत नाही. माझ्या हातात लाल पेन आहे आणि पेपर तपासता येत नाही, अशी माझी गत झालीय.

मागच्या आठवड्यात खणातून चष्मा काढताना रुमाल सुटला. टाक काळा पडायला लागलाय. पितळ ते, हात लागला नाही की चढतोच त्याच्यावर काळा थर. दोन दिवस ते डोक्यातून जाईना. मंगळवारी भाजी आणायला गेलो तेव्हा पाव किलो चिंच घेऊन आलो. प्रमिलानं पिशवी उपसली, चिंच हातात घेतली. म्हणाली, ‘ही कशाला? तुमाला पित्त होतंय की चिंचेनं.’ म्हटलं, आमटीला. तिनं पिशवी खाली ठेवली. मग कपाटातून एक वाटी काढली, त्यात थोडी चिंच टाकली, पाणी घातलं, वाटी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि जाताना दार लोटून घेतलं.

मी टाक काढला आणि घासायला बसलो. तोंडातून शब्द फुटला नाही. दोन-अडीच बोटांचा तर टाक. पाच मिनिटांत लख्ख झाला. अक्काला तासभर लागायचा.